मदत हवी आहे: डिझेल पाव टाकीखाली गेलं की जुनी चारशेसात घाटात मिसिंग मारते

ओतूरवाला

गाडी टाटा ४०७, २००४ मॉडेल, जुना इनलाइन पंप (इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा मोठा पंप), सेन्सर-बिन्सर काही नाही. आमच्या भागातून टोमॅटो घेऊन कल्याण मार्केटला उतरते आणि रिकामी कॅरेट घेऊन परत येते. म्हणजे माळशेज भरलेली गाडी उतरते आणि रिकामी चढते. तरी त्रास चढतानाच.

टाकीत डिझेल भरपूर असलं की गाडी एकदम शहाणी. काटा पावच्या खाली आला की घाटाच्या पायथ्याचं मोरोशी सोडून चढाला लागल्यावर मिसिंग (इंजिन अडखळणं) सुरू होतं. पाय दाबला तरी उठत नाही आणि थोड्या वेळात बंद. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून हॅन्डपंप मारला की आधी फेस येतो, मग स्वच्छ डिझेल, आणि गाडी चालू. वर सपाटीला आलो की पुन्हा काही नाही. अजून एक गोष्ट: टाकी खाली असताना रात्री उभी केली तर सकाळी हॅन्डपंप मारल्याशिवाय चालू होत नाही. भरलेली असेल तर पहिल्या सेल्फला चालू.

दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, बॅन्जोचे (डिझेल पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर बदलले. एक मिस्त्री म्हणतो फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) गेला, दुसरा म्हणतो मोठा पंप खोलावा लागेल. तो खर्च करण्याआधी इथं विचारतोय. दोष टाकीकडचा की पंपाकडचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि कमी डिझेलवर चालवून पंप खराब होतो म्हणतात, ते खरं का?

टाकी फुल का करत नाहीस, असं कोणीतरी विचारणारच. रात्रभर गाडी उघड्यावर उभी असते, आणि डिझेल काढणारे भरलेली टाकी बरोबर हुडकतात. शिवाय पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) हातात पडेपर्यंत पैसे कुठून आणायचे?

घाटमाथा

टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल. आत ओढ बसते. झाकण ढिलं करून घाट चढून बघा.

ओतूरवाला

केलं तेही. काही फरक नाही.

नोझलवाला

पडणारच नाही. झाकण बुजलं असतं तर उलट झालं असतं. भरलेल्या टाकीत हवेला जागा कमी, तिथे ओढ लवकर बसते. तुमची गाडी नेमकी भरल्या टाकीला शहाणी आहे.

भाऊ, पंप अजून खोलू देऊ नका. मोठ्या पंपात दोष असता तर टाकीत किती डिझेल आहे याच्याशी त्याला काय देणंघेणं? दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच भागात शोधा. फीड पंपाच्या पुढे डिझेल दाबाखाली असतं. तिथे चीर असली तर डिझेल बाहेर गळतं, डोळ्यांना दिसतं. फीड पंपाच्या अलीकडे मात्र ओढ असते. तिथली चीर गळत नाही, हवा आत घेते. पाइप बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो आणि मिस्त्री पंपाच्या मागे लागतो.

माझा संशय टाकीतल्या उभ्या नळीवर आहे. ती वरून आत उतरते आणि तिचं तोंड तळापासून थोडं वर असतं. जुन्या गाड्यांत ही नळी गंजते आणि मध्येच बारीक भोक पडतं. डिझेल त्या भोकाच्या वर आहे तोवर भोकसुद्धा डिझेलच ओढतं, काही कळत नाही. पातळी खाली गेली की तेच भोक हवा ओढू लागतं. चढावर डिझेल टाकीच्या मागच्या बाजूला सरकतं, नळीपाशी पातळी अजून उतरते, म्हणून घाटातच रडगाणं. सकाळची तक्रारही याला जुळते: रात्री भोकातून हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल परत टाकीत उतरतं. भरल्या टाकीत भोक बुडलेलं, हवा शिरणार कुठून?

खात्री अशी करा. पाव टाकीला गाडी चढावर उभी करा, ब्रेक आणि चाकाला दगड लावून. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक डिझेल पाइप जोडा (बागेच्या पाण्याचा नको, डिझेलने तो खराब होतो). रेस देऊन बघा. बुडबुडे दिसले तर टाकीची लाइन सोडून तोच पाइप स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये टाका. बुडबुडे थांबले तर दोष टाकीत किंवा तिथून येणाऱ्या लाइनमध्ये. कॅनवरही येत राहिले तर फीड पंपाची जोडणी आणि हॅन्डपंपाची सीलं बघा.

पंप खराब होण्याचं: कमी इंधनाने पंप जळतो ही कथा टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या पेट्रोल गाड्यांची. तो पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. तुमचा फीड पंप बाहेर, मोठ्या पंपाच्या अंगावर, त्याच्याच कॅमवर चालतो. पण मोठ्या पंपाच्या प्लंजरला (डिझेल दाबणाऱ्या आतल्या दट्ट्याला) वंगण डिझेलचंच आणि तिथली फट मायक्रॉनमध्ये. सारखी हवा आणि पाणी गेलं तर प्लंजर आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड) झिजणारच.

रात्रपाळी

तळाचा गाळ ओढत असेल. आमच्याकडे टाकी खाली गेली की हेच व्हायचं, टाकी धुतली आणि सुटलो.

नोझलवाला

असू शकतं, पण नळी टाकी भरलेली असतानाही तळाजवळूनच ओढते. डिझेल कमी असलं की ते हिंदकळून गाळ वर उठतो, एवढा फरक. गाळाने जाळी बुजली तर गाडी हळूहळू दम सोडते आणि थोडा वेळ उभी केली की बऱ्याचदा आपोआप चालू होते, कारण गाळ जाळीपासून सुटतो. यांच्याकडे फेस येतोय. फेस म्हणजे हवा.

टाकी उतरवणारच असाल तर धुऊन घ्या, हे खरं. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या दमट हवेचं पत्र्यावर पाणी होतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि पत्रा आतून खातं. सकाळी गाडी हलवायच्या आधी तळाचा बोल्ट ढिला करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या, पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसेल.

दगडूशेठ_गॅरेज

नळी काढा आणि भोकावर पितळ वितळवून मारून घ्या, दहा मिनिटांचं काम. टाकीलाही कुठे भोक असेल तर तिथल्या तिथे वेल्डिंग मारा.

नोझलवाला

नळीचं ठीक. टाकीला तिथल्या तिथे वेल्डिंग अजिबात नको. टाकी रिकामी दिसली तरी पत्र्याला चिकटलेलं डिझेल तापून वाफ होते आणि टाकी फुटते. भरलेलीपेक्षा रिकामी टाकी जास्त वाईट. टाकीचंच काम करणाऱ्याकडे द्या, तो आधी ती नीट धुऊन, आतली वाफ घालवून मगच हात लावतो.

घाटमाथा

एक सांगायचं राहिलं. चढताना बंद पडते तोवर नशीब समजा. या गाडीच्या ब्रेकला व्हॅक्यूमची मदत असते आणि तो व्हॅक्यूम पंप इंजिनवर फिरतो. उतरताना, तेही टोमॅटो भरून, इंजिन बंद पडलं तर दोन-चार दाबात पेडल दगडासारखं होतं. निदान घाट उतरायच्या आधी डिझेल घालत जा.

ओतूरवाला

नोझलवाला काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. पारदर्शक पाइपात बुडबुड्यांची रांग, कॅनवर एकही नाही. नळी बाहेर काढली, एक तोंड दाबून धरलं, दुसऱ्यातून फुंकर मारत पाण्यात बुडवली. तळाकडच्या तोंडापासून चार बोटं वर, गंजाच्या खपलीखालून बुडबुडे. जाळीवर काळी चिकट साय होती ती वेगळीच. टाकी धुवायला दिली आहे.

आता नळी तांब्याची टाकू की जुन्या मापाची लोखंडी?

नोझलवाला

लोखंडीच टाका, तांबं आणि डिझेल फार काळ जमत नाही, डिझेल खराब होतं. आणि टाकी बसवल्यावर काट्यावर विसंबू नका. सपाट जागी पाच-पाच लिटर ओतत जा आणि प्रत्येक वेळी लाकडी पट्टी बुडवून खूण करा. पहिलं ओतणं नळीच्या तोंडापर्यंतही पोचणार नाही कदाचित, ते हिशेबात धरूच नका.