'दोन ठार, तर पाच जखमी' : हा 'तर' कुठला?

पाटीपेन्सिल
एका इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. मूळ इंग्रजी वाक्यात दोन दिव्यांची माहिती 'व्हाइल'ने जोडली आहे. मी लिहिलं, 'हिरवा दिवा वीज चालू असल्याचं दाखवतो, तर लाल दिवा बॅटरी उतरल्याचं दाखवतो.' बाबांना वाचायला दिलं. ते म्हणाले, "म्हणजे हिरवा लागला तरच लाल लागणार का?" आधी हसले. मग पुन्हा वाचलं तर मलाही तसंच दिसायला लागलं. इथे 'तर' चुकीचा आहे का? आणि मग काय लिहू?

खडूस
चुकीचाच. हा पेपरवाल्यांचा 'तर' आहे. 'अपघातात दोन ठार, तर पाच जखमी.' म्हणजे ते दोघे वाचले असते, तर पाच जण धडधाकट घरी गेले असते? 'जर' असेल तिथे 'तर' शोभतो. एरवी सरळ 'आणि' लिहावं व मोकळं व्हावं.

उंबरठा
थांबा खडूसराव. 'थोरली डॉक्टर झाली, तर धाकटीने शेती केली' हे वाक्य कानाला खटकतं का? नाही, कारण दोघी समोरासमोर उभ्या आहेत. 'आणि' घातलं की त्या शेजारी शेजारी बसतात. ठार आणि जखमी यांच्यात विरोध नाही, एकाच दुर्घटनेची ती मोजदाद आहे. म्हणून तिथला 'तर' फुकटचा. पाटीपेन्सिलताईंच्या दिव्यांत विरोध आहे, म्हणजे 'तर' चालायला हवा. तरी बाबा अडखळले. का, ते मलाही नीट सांगता येत नाहीये. कदाचित यंत्राबद्दल वाचताना आपण 'असं झालं तर तसं करा' याचीच वाट बघत असतो.

आणि ताई, तुमच्याच प्रश्नात 'पुन्हा वाचलं तर मलाही तसंच दिसायला लागलं' असं आहे. कपाट उघडलं तर आत उंदीर! इथे कुठली अट? हा तर अचंब्याचा 'तर' झाला. (आणि हा आत्ता लिहिलेला चौथाच!)

कोशकीटक
व्युत्पत्ती बघितली तर (पाचवा?) संस्कृत 'यर्हि–तर्हि' या जोडीतून आपले 'जर–तर' आले. मूळ अर्थ 'जेव्हा–तेव्हा' असा काळाचा. अट नंतर चिकटली. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय 'तरी अवधान एकलें दीजे' असा उघडतो. आधी 'जर' नाही, काही नाही, थेट 'तरी'. आपण 'तर मंडळी' म्हणत गप्पांना सुरुवात करतो, त्याचंच हे पूर्वरूप वाटतं मला.

खडूस
अर्धीच ओवी दिलीत. पुढे 'मग सर्वसुखासि पात्र होईजे' आहे. लक्ष द्या, मग सुख मिळेल. अटच आहे ती! माझंच म्हणणं सिद्ध झालं. धन्यवाद.

कोशकीटक
अट आहे, पण ती 'मग'मध्ये आहे, 'तरी'मध्ये नाही. आपलाच मुद्दा पुन्हा वाचा. चूभूद्याघ्या.

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडे 'र' गळला, भांडण मिटलं. 'तं काय झालं...' म्हटलं की गोष्ट सुरू, अन् 'तं मंग!' म्हटलं की समोरच्याचं सगळं मान्य. माझी आजी शेजारणीशी तासभर बोलायची, त्यात तिच्या वाट्याला निस्तं 'तं मंग' यायचं. बोलणं कुठे अडलं नाही.

खडूस
विषय निघालाच आहे तर 'मात्र'चंही बोलू. वाक्याच्या तोंडाशी 'मात्र', पुढे स्वल्पविराम. हे इंग्रजी 'हाऊएव्हर'चं कलम आहे. मराठीत 'मात्र' दुसऱ्या जागी बसतो.

उंबरठा
इथे मात्र तुमच्याशी सहमत. 'राम आला, श्याम मात्र आला नाही' यात 'मात्र' श्यामचा हात धरून त्याला वेगळा काढतो. 'मात्र, श्याम आला नाही' यात तो अख्ख्या वाक्याच्या दारात उभा राहतो आणि श्यामकडे कुणाचं लक्षच जात नाही. काही वर्षं मी एका दैनिकात बातम्या तपासायचे काम केलं. 'पण'ने वाक्य सुरू केलं की वरिष्ठ म्हणायचे, फार घरगुती वाटतं. मग 'मात्र' घाला. अशी शेकडो 'मात्र' मीच घातली आहेत. पाप माझ्याही पदरी आहे.

माडाखाली
'पण' घरगुती? आमच्या कोंकणीत 'पूण' म्हणतात. संस्कृत 'पुनः'चा उकार आम्ही अजून जपून ठेवलाय, तुम्ही हरवलात. अवांतर: 'म्हणून'चं बघा. 'तो येता म्हूण सांगलें' यात 'म्हूण' कारण दाखवत नाही, नुसतं कुणी काय म्हटलं ते बांधतं.

सोलापूरकर
अगदी! आमच्याकडे 'येतो म्हणून सांगितलं' हेच सहज येतं, 'येतो असं' नंतर शाळेत शिकलो. कन्नडमधलं 'अंत', तेलुगूतलं 'अनि' हीच कामं करतात, आणि तेही 'म्हणणे' या अर्थाच्या धातूपासूनच. पुण्यात कॉलेजला असताना एकाने विचारलं होतं, "येतो म्हणून सांगितलं, म्हणजे येणार होतास त्या कारणाने सांगितलंस का?" तीन वर्षं त्याने ते सोडलं नाही.

कोशकीटक
खडूसराव, मघापासून एक सांगायचं राहिलंय. पहिल्याच प्रतिसादात तुम्ही 'आणि लिहावं व मोकळं व्हावं' असं लिहिलंत. तो 'व' अरबी-फारसीतून आलेला आहे.

खडूस
'व' शेकडो वर्षं पचलाय. 'मात्र' कालचा आहे. फरक आहे.

उंबरठा
म्हणजे पचायला किती वर्षं लागतात ते एकदा ठरवून टाका.

पाटीपेन्सिल
मंडळी, काल रात्री काम द्यायचं होतं. 'तर' काढला, दोन वेगळी वाक्यं केली, मध्ये पूर्णविराम. बाबांना कळलं. आता कंपनीकडून निरोप आलाय की मूळ एकच वाक्य होतं, मराठीतही एकच हवं.

माडाखाली
अर्धविराम द्या की.

खडूस
मराठीत अर्धविराम वापरतं कोण?

वऱ्हाडी ठेचा
तं मंग!

सोलापूरकर
फारसीचा विषय निघालाय म्हणून विचारतो. 'अगर' मूळचा 'जर' ना? मग जुन्या सरकारी अर्जांत 'वडील अगर पालक यांची सही' असं का असतं? तिथे तो 'किंवा' कसा झाला?