एकच इंजिन जोडत जायचं: तीनचाकी, टेम्पो, विमान. क्रँक कसा जोडू?

सांगलीचा_पिस्टन
नमस्कार मंडळी. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हा चौघांचा प्रोजेक्ट असा: दोन सिलिंडरचं, ५०० सीसीचं, पेट्रोलवरचं पूर्ण इंजिन. स्वतःचा क्रँक (पिस्टनची वर-खाली धाव फिरतीत बदलणारा दांडा), स्वतःचा ऑइल पंप, दोन्ही टोकांना सारखाच फ्लँज, म्हणजे बोल्टनं जोडायची चकती. एक लावलं की तीनचाकी, दोन जोडली की दोन माणसांचं हलकं विमान, चार जोडली की टेम्पो. कागदावर झकास दिसतंय. गाइड सर म्हणाले, "चालणार नाही." का, ते सांगितलं नाही, त्यांच्या बसची वेळ झाली होती. दोन युनिटांचे क्रँक मध्ये कशाने जोडू? कीवे (दांड्यात चावी बसवायची खाच) करून कपलिंग बसवलं तर पुरेल का?

नगरी_गिअर
सिलिंडर सोड, रोटर बघ, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो ते वँकेल इंजिन. माझ्दाने ६५४ सीसीचा एक रोटर धरून दोन, तीन, चार रोटरची इंजिनं केली. चार रोटरवालं १९९१ ला ल मांची शर्यत जिंकलं. आणि आमच्या नगरचं व्हीआरडीई, म्हणजे खरं तर वाहनांची संस्था, त्यांनी बंगळुरूच्या एनएएल या विमान संशोधन संस्थेबरोबर ५५ हॉर्सपॉवरचं वँकेल केलं. २००९ मध्ये ते 'निशांत' या वैमानिकरहित विमानात उडालं. गाडीवाल्यांनी विमानाच्या वाटेला जाऊ नये असं काही नाही.

क्रँकवाला_उद्यमनगर
पोरा, तुझ्या सरांची बस चुकली असती तर बरं झालं असतं.

कोल्हापुरात उद्यमनगरात तीसेक वर्षं क्रँक ग्राइंडिंग केलं, तेवढ्यावर बोलतो. तुझ्यासारखीच कॉलेजची पोरं एकदा आली होती. शंभर सीसीची दोन टू-स्ट्रोक इंजिनं शेजारी ठेवून, मध्ये कपलिंग घालून गो-कार्ट केली होती. चाळीस मिनिटं पळाली. क्रँकचं टोक तुटून माझ्या टेबलावर आलं. भिंग लावून बघितलं, कीवेच्या आतल्या काटकोनातून तडा सुरू झालेला. तिथून शिंपल्यावर असतात तशा बारीक कमानी, एकामागं एक, निम्म्याच्या पुढपर्यंत. उरलेला भाग खरबरीत, म्हणजे तेवढा एका दणक्यात गेला. पोरं म्हणत होती मटेरियल खराब होतं. मटेरियल चांगलं होतं.

क्रँक हा दांडा नव्हे, स्प्रिंग आहे. दर स्फोटाला पिळतो आणि सुटतो. लांबी वाढवलीस की त्याच्या स्वतःच्या थरथरीची गती खाली येते, आणि नेमकी तुझ्या चालत्या आरपीएमला गाठ पडते. त्याहून मोठी भानगड पुढं आहे. चार युनिटं ओळीत जोडलीस की शेवटच्या जोडावर चौघांचा पीळ येतो. म्हणजे जोड चौघांच्या हिशेबानं जाड करायला हवा. पण युनिटं सगळी सारखी, म्हणून तीनचाकीतलं एकटं युनिटही तेच जाड टोक आयुष्यभर वागवणार. टेम्पोत ऑइल पंप चार. विमानात किलोकिलोचा हिशेब आणि तू दोन पंप घेऊन उडणार!

मॉड्युलर करायचं ते सिलिंडर कर, इंजिन नको. किर्लोस्करची एअर कूल्ड एचए मालिका बघितली असशील: २९४, ३९४, ४९४, ६९४. पहिला आकडा सिलिंडर किती, पुढचा ०.९४ लिटर, म्हणजे १०० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), १२० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव). सिलिंडर, हेड, पिस्टन तेच. क्रँक मात्र प्रत्येकाचा वेगळा आणि अखंड. विमानातही हीच रीत. विमानांची इंजिनं करणाऱ्या लायकमिंगचं सिलिंडर ९० घनइंचाचं. चार लावले की ३६०, सहा लावले की ५४०, आठ लावले की ७२०. नावातच पाढा आहे.

शंभर वर्षांपूर्वीचं बघायचं तर अमेरिकेचं लिबर्टी हे विमानाचं इंजिन. १९१७ मध्ये युद्धाच्या घाईत दोन इंजिनिअर वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात बसले आणि आठवड्याच्या आत आराखडा काढला. पाच इंच बोअर, सात इंच स्ट्रोक, एकेक सुटं पोलादी सिलिंडर; चार, सहा, आठ, बारा, हवी तेवढी लावायची सोय. खपलं ते बाराचंच, २७ लिटर, ४०० हॉर्सपॉवर. तेच पुढं रणगाड्यातही बसलं. म्हणजे तुमचा विषय खुळा नाही, कापायची रेघ चुकली आहे.

सांगलीचा_पिस्टन
काका, डोक्यात प्रकाश पडला. पण मग अखंड क्रँकचं तेच इंजिन विमानात आणि टेम्पोत तसंच बसेल ना?

हँगर_नंबर_दोन
विमान देखभालीत आहे, म्हणून मध्ये तोंड घालतो. नाही बसणार. पंख्याचा हिशेब कर: १.८ मीटरचा पंखा २,७०० आरपीएमला फिरला की टोक सेकंदाला २५४ मीटरने जातं. ५,५०० ला फिरवलास तर ५१८. आवाजाचा वेग ३४० च्या आसपास. त्याच्या पुढं टोक गेलं की नुसता गोंगाट, ओढ कमी. म्हणून लायकमिंग मोठ्या पोटाचं आणि सावकाश चालणारं असतं. रोटॅक्स ९१२ छोटं आणि ५,८०० चं, तर त्याला पुढं गिअरबॉक्स लागतो.

आणि गिअरबॉक्स हीच नाजूक जागा. जर्मनीच्या थिलर्टने मर्सिडीज ए-क्लासचं १.७ लिटर डिझेल विमानात बसवलं, गिअर १.६९ चा. इंजिन गाडीचंच, पण सुरुवातीला गिअरबॉक्स दर ३०० तासांनी काढावा लागायचा. गाडीत क्लच, टायर, रबरी माउंटिंग सगळे हादरे खातात. पंखा जड, तो हट्टी. दात एकमेकांवर आपटत राहतात. शिवाय तुझा टेम्पो हायवेला पुष्कळ वेळ थोड्या लोडवर असतो. विमान पूर्ण ताकदीने उठतं आणि मग तासन्‌तास ६५-७५ टक्क्यांवर चालतं. कूलिंग त्या हिशेबानं धर.

क्रँकवाला_उद्यमनगर
हे हँगरवाले बोलले ते कागदावर लिहून घे. मी एवढंच सांगतो: पुढचं टोक दोन तऱ्हेचं ठेव. गाडीला फ्लायव्हील-क्लच, विमानाला आरपीएम उतरवणारा रिडक्शन गिअर आणि मध्ये पीळ खाणारा रबरी डँपर. क्रँककेस, म्हणजे क्रँकचं घर, दोन मापांचीच कर, दोन आणि चार सिलिंडर. सहाचा मोह आत्ता नको.

सांगलीचा_पिस्टन
आभारी आहे दोघांचा. चौघांना आजच सांगतो. एक शेवटचं, बोअर किती धरू? आम्ही गणितानं ६७.३ मिमी काढला आहे.

क्रँकवाला_उद्यमनगर
गणित राहू दे. आधी स्पेअरच्या दुकानात जा, पिस्टन, रिंगा आणि लायनर सेटमध्ये कुठल्या बोअरला मिळतात ते बघ, आणि तो बोअर धर. ६७.३ चा पिस्टन तुला कोण ओतून देणार? क्रँकचं ड्रॉइंग झालं की इथं टाक, जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) कोपऱ्यात फिलेटचा, म्हणजे गोलाईचा, रेडियस दिला नसलास तर मी ओरडणार.