अडकलेला टायरॉड एंड घरी काढावा का?

दहाअकराचापाना
गेल्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या १४ वर्षं जुन्या गाडीचा डावा टायरॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा, बदलला. खड्ड्यातून जाताना खटखट यायची आणि स्टिअरिंगही ढिलं लागत होतं. जॅक लावला, खाली घोडी ठेवली, नट सोडला, पण एंड जागचा हलेना. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका येऊन बजावून गेले, "स्टिअरिंगला घरी हात लावायचा नसतो." ब्रेकपॅड बदलत होतो तेव्हा हेच काका कौतुकानं बघत उभे होते! माझं मत उलटं आहे. हे काम घरी करण्यासारखं आहे, आणि बऱ्याचदा गॅरेजपेक्षा बरं होतं.

एंड अडकतो तो गंजामुळे कमी आणि बनावटीमुळे जास्त. त्याचा स्टड (आटे असलेला खुंट) निमुळता असतो आणि चाकाच्या नकलमधल्या (चाक ज्यावर बसतं त्या धातूच्या भागातल्या) तशाच निमुळत्या भोकात तो नटानं आवळून बसवलेला असतो. जात्याचा खुंटा आठवा. सरळ ओढून निघत नाही, बाजूनं ठोकला की सैल होतो. म्हणून तिथे डब्ल्यूडी ४० ओतून फारसं काही होत नाही. तेल दांड्यावर एंड जागी धरणाऱ्या लॉक नटाच्या आट्यांना लावा, तेही आदल्या रात्री. खरा गंज तिथे असतो. मी बोहरी आळीतून पुलर (अडकलेला भाग दाब देऊन सोडवायचं अवजार) आणला, नट शेवटच्या दोन-तीन आट्यांवर राहू दिला आणि पुलर आवळत गेलो. 'टण्ण' झालं आणि सुटला. सगळं मिळून पाऊण तास, त्यातला निम्मा काकांना उत्तरं देण्यात.

कात्रजचा घाट
काकांचं बरोबर आहे. ब्रेकची दोन सर्किटं असतात, एक गेलं तरी दुसरं थोडंफार थांबवतं. टायरॉड निसटला की ते चाक मनाला येईल तिकडे वळतं, तुम्ही स्टिअरिंग धरून बसा नुसते. खंबाटकी घाट उतरताना झालं म्हणजे? आणि पाऊण तासाचं कौतुक सांगितलंत, नट सुटू नये म्हणून आडवी घालतात ती स्प्लिट पिन नवी घातली का ते नाही सांगितलंत.

दहाअकराचापाना
माझ्या गाडीला पिन नाही, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) आहे. तो नवा घातला. पण लिहायला हवं होतं, हे खरं. पिनवाल्यांनी एवढं बघा: भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवायचा, मागे सैल करून नाही.

नानापेठी
२२ वर्षं गॅरेज चालवतोय. रविवारची अशी कामं सोमवारी माझ्या दारात असतात. लोक स्टडच्या टोकावरच हातोडा घालतात, आटे फुलतात, मग नट निघतही नाही आणि बसतही नाही. सांध्यात दुबेळकं अवजार, म्हणजे काटा, घालून ठोकतात, तो एंडवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाडतो. एंड फेकायचाच असेल तर फाटू दे, पण दुसऱ्या कामासाठी सोडवून परत तोच लावायचा असेल तर एका पावसाळ्यात आत चिखल. काही महाभाग गॅसची बत्ती लावतात! आत ग्रीस आणि प्लास्टिकची वाटी असते हो.

आम्ही दोन हातोडे वापरतो. एक नकलच्या डोळ्यामागे (स्टड बसतो त्या भोकाच्या कड्यामागे) टेकवून धरायचा, दुसऱ्यानं समोरून त्या डोळ्यावरच ठोकायचं. डोळा क्षणभर दबतो आणि स्टड सुटतो. पण तो ठोका हाताला कळायला वर्षं जातात. अॅल्युमिनियमच्या नकलवर आम्हीसुद्धा ठोकत नाही, पुलरच लावतो.

एरंडवणेकर
नानापेठी, रागावू नका, पण सगळे तुमच्यासारखे नसतात. एका गॅरेजनं (नाव नको) माझा एंड बदलला, जुना किती आटे आत होता ते मोजलंच नाही. "अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) करून घ्या हं," हे बिल हातात देताना, जाता जाता. मी विसरले. ३ महिन्यांत पुढचे टायर आतल्या कडेला गुळगुळीत! घरी करणारा निदान आटे मोजतो, कारण तो घाबरलेला असतो.

कात्रजचा घाट
मोजले तरी अलाइनमेंट करावीच लागते. मग वाचलं काय? आणि तिथवर गाडी नेणार ती त्याच एंडवर ना?

दहाअकराचापाना
त्याच एंडवर, म्हणून तर टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं) आवळला. मजुरी फार वाचली नाही, कबूल. पण खाली वाकलो म्हणून स्टिअरिंग रॅकचा रबरी बूट चिरलेला दिसला.

नवशिक्या_बावधन
माझं जरा वेगळं आहे. स्टिअरिंग व्हीलच अडकलंय. मधला नट काढला, हिसके देतोय, येत नाही. हातोडा घेऊ का?

नानापेठी
थांबा! आधी नट तीन-चार आटे परत लावा, नाहीतर सुटलं की थेट नाकावर. हातोडा नको. धडकेत मिटावा म्हणूनच स्टिअरिंगचा कॉलम (व्हीलखालचा दांडा) तसा बनवतात, ठोकून तो बिघडेल. पुलर हवा. एअरबॅग आहे का?

नवशिक्या_बावधन
होती. काढून शेजारच्या सीटवर ठेवलीय. बॅटरी जोडलेलीच आहे.

कात्रजचा घाट
घ्या.

नानापेठी
किल्लीला हात लावू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एअरबॅगचं तोंड वर आहे ना? पालथी असेल तर आत्ता काही करू नका, लांब उभे राहा. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो, फोन करा.

दहाअकराचापाना
एअरबॅगपुरता मी काकांच्या बाजूनं.