इंग्रजी रोमान्स-लेखिका जॉर्जेट हेयरची शेवटची पुस्तकं जमली नाहीत, आता काय वाचू?

सायली_वा: ‘फ्रेडरिका’, ‘व्हेनेशिया’ आणि ‘द ग्रँड सोफी’ पाठोपाठ वाचली, तिन्ही फार आवडली. मग ‘चॅरिटी गर्ल’ आणि ‘लेडी ऑफ क्वालिटी’ घेतली आणि पार विरस झाला. टोमणे तेच, नटवे सरदार तेच, पण जोडीचं पुढे काय होणार याची उत्सुकताच नाही. बिघडलं कुठे? आणि ही पुस्तकं टाळायची तर ओळखायची कशी?

कोपऱ्यातला_दिवा: मुखपृष्ठावर जाऊ नका, नवी आवृत्ती सगळ्यांनाच नवा साज चढवते. आतल्या पानावर प्रथम प्रकाशनाचं साल बघा. ‘चॅरिटी गर्ल’ १९७०, ‘लेडी ऑफ क्वालिटी’ १९७२; बाई १९७४ मध्ये गेल्या. उशिराच्या पुस्तकांत साचे जुनेच आहेत, फक्त जोडीला एकमेकांसमोर अडकवणारा पेच काढून टाकलाय.

‘चॅरिटी गर्ल’च बघा. नायक डेसफर्ड रस्त्यात सापडलेल्या चेरीला नायिका हेन्रिएटाकडे सोडतो आणि चेरीच्या आजोबांच्या शोधात थेट हॅरोगेट गावापर्यंत जातो. म्हणजे ज्यांचं जमायचं ते दोघं निम्म्याहून जास्त पुस्तक वेगवेगळ्या गावांत! हाच साचा ‘स्प्रिग मस्लिन’मध्ये (१९५६) आहे. तिथेही पळालेली मुलगी, तिथेही तिला विश्वासातल्या बाईकडे नेणं. पण नायक सर गॅरेथला गोळी लागते, नायिका लेडी हेस्टर शुश्रूषेला येते, आणि खाणावळीच्या एका छपराखाली दोघांना एकमेकांकडे बघावंच लागतं. आधी ते घ्या.

मीनल७१: ‘लेडी ऑफ क्वालिटी’वर उतारा म्हणजे ‘ब्लॅक शीप’ (१९६६). दोन्हींत इंग्लंडमधलं बाथ शहर, तिशीला टेकलेली अविवाहित नायिका, सोबत तरुण मुलगी आणि कुणाचा तरी फटकळ काका. फरक असा की ‘लेडी ऑफ क्वालिटी’च्या अ‍ॅनिसला नडतं काय, तर स्वतःचं स्वातंत्र्य जाईल ही धास्ती. ‘ब्लॅक शीप’च्या अ‍ॅबीपुढे खरा पेच आहे: त्या फटकळ काकाने, माइल्सने, तरुणपणी तिच्या भाचीच्या, म्हणजे फॅनीच्या, आईलाच पळवलं होतं आणि त्यापायी त्याची हिंदुस्थानात रवानगी झाली होती. तिथून तो गडगंज होऊन परततो, पण दिसतो फाटकाच.

कोपऱ्यातला_दिवा: +१. म्हणून १९६५ नंतरचं सगळं बाद असं धरू नका.

नाना_फडताळकर: ‘कझिन केट’ (१९६८) रोमान्स समजून घेऊ नका, ते भुताटकीच्या वाड्याच्या वळणाचं आहे आणि जोडीला जागा कमी. ‘माय लॉर्ड जॉन’ तर मध्ययुगातली अपुरी ऐतिहासिक कादंबरी, लेखिकेच्या मृत्यूनंतर निघालेली. दुकानात तिच्या रोमान्सच्या रांगेत दिसलं तरी फसू नका.

सायली_वा: मग क्रम काय धरू? विनोद हवा, रडारड नको.

मीनल७१: ‘कोटिलियन’ (१९५३), मग ‘सिल्व्हेस्टर’ (१९५७), मग ‘ब्लॅक शीप’. ‘कोटिलियन’मध्ये नायक कोण हे पहिल्या शंभर पानांत ठरवू नका. ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’ (१९६१) सर्वांत शेवटी. पैशासाठी केलेलं लग्न, त्यात धडधड शोधाल तर पुन्हा विरस. ते संसाराचं पुस्तक आहे, नायिका जेनी काय काय रांधायला लावते ते बघत वाचायचं.

नाना_फडताळकर: ‘द ग्रँड सोफी’ कुणाला भेट देणार असाल तर ज्यू सावकाराचा प्रसंग आधी बघून ठेवा, फार ओंगळ रंगवलाय. बाकी त्यातल्या चार्ल्सचं मामाच्या मुलीशी, म्हणजे सोफीशी, जमतं यावर इंग्रजी वाचक नाक मुरडतात, आपल्याकडे कोण विचारतो?