मंदिर गेले, बळी थांबले. मग यहुदी धर्म टिकला तो कशाच्या आधारावर?

टाचणवही (प्रश्न)

मराठी पवित्र शास्त्रातला जुना करार सध्या क्रमाने वाचतो आहे आणि 'लेवीय' या पुस्तकात अडलो आहे. तिथे धर्म म्हणजे मुख्यतः वेदी, याजक आणि बळी असेच चित्र दिसते. होमार्पणाचा पशू कसा असावा, त्याचे रक्त वेदीवर कोठे शिंपडावे, कोणती चरबी जाळावी आणि कोणता भाग याजकाच्या वाट्याला जावा, याचे तपशील पानेच्या पाने चालतात. आजच्या यहुदी धर्माविषयी मात्र जे काही वाचायला मिळते, त्यात शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), प्रार्थना, खाण्यापिण्याचे नियम, ग्रंथांचा अभ्यास आणि वादविवाद आहेत. वेदी नाही, बळी नाहीत, आणि याजकांच्या जागी रब्बी, म्हणजे धर्मशास्त्राचे शिक्षक, आहेत.

हा बदल केव्हा झाला आणि तो कोणी घडवला? मुख्य विधीच बंद पडल्यावर जे उरले, त्याला तोच धर्म म्हणावे, की इ.स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडल्यानंतर जन्मलेला दुसरा धर्म म्हणावे? आपल्याकडे श्रौत यज्ञ मागे पडून पूजा रूढ झाली, तसेच हे आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

मध्यान्ह

यज्ञाशी केलेली तुलना एका ठिकाणी अडते, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. यज्ञमंडप कोठेही उभारता येत असे. यरुशलेमचे बळी दुसरीकडे हलवण्याची सोयच नव्हती. 'अनुवाद' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात परमेश्वर निवडील त्या एकाच स्थानी बळी अर्पावेत अशी आज्ञा आहे, आणि इ.स.पू. ६२२ च्या सुमारास यहूदाचा राजा योशीया याने गावोगावची उच्चस्थाने, म्हणजे स्थानिक पूजास्थाने, मोडून ती अमलात आणली. त्यामुळे श्रौत यज्ञ जसे शतकानुशतके हळूहळू विरळ होत गेले, तसे इथे घडले नाही. इ.स. ७० च्या उन्हाळ्यात रोमन सेनापती तीतस याच्या फौजेने मंदिर जाळले आणि रोज सकाळी व दुपारी वेदीवर चढणारे कोकरू कायमचे थांबले.

परंपरा या वळणावर योहानान बेन झक्काय या रब्बींचे नाव घेते. वेढा पडलेल्या यरुशलेमातून शिष्यांनी त्यांना शवपेटीत घालून बाहेर काढले आणि त्यांनी रोमन सेनापती (पुढे सम्राट) वेस्पासियनाकडे यावने हे गाव व तिथले विद्वान मागून घेतले, अशी कथा तालमूद या रब्बींच्या चर्चाग्रंथात आहे. कथेतले नाट्य सोडून देऊ. तिच्या जोडीला 'मिश्ना' या रब्बींच्या नियमसंग्रहात त्यांच्या नावावर जे लहानसहान निर्णय नोंदले आहेत, ते मला अधिक बोलके वाटतात. नववर्षाचा सण शब्बाथाला आला तर मेंढ्याच्या शिंगाचा शोफार मंदिरात वाजवत, बाहेर वाजवत नसत. मंदिर पडल्यावर योहानान यांनी ठरवले की जिथे न्यायसभा असेल तिथे तो वाजवावा. मंडपाच्या सणात खजुराची झावळी मंदिरात सात दिवस आणि इतरत्र एकच दिवस हाती घेत. मंदिराची आठवण म्हणून ती सर्वत्र सात दिवस घ्यावी, असेही त्यांनी ठरवले. मोठी घोषणा कोठेच नाही; मंदिराच्या आवारातले एकेक आचरण काळजीपूर्वक उचलून गावात नेऊन ठेवलेले दिसते.

पुढच्या पिढ्यांनी हेच काम पुढे नेले. सकाळची आणि दुपारची प्रार्थना वेदीवरच्या दोन नित्य बळींच्या वेळांना जोडली गेली; शब्बाथाला आणि सणाला मंदिरात जास्तीचा बळी असे, म्हणून त्या दिवशी प्रार्थनाही जास्तीची असते. घरातले जेवणाचे मेज वेदीच्या जागी आले. भाकरीवर आशीर्वाद म्हटल्यावर तिचा तुकडा मिठाला लावून खातात, कारण प्रत्येक अर्पणात मीठ असावे असे तुम्ही जिथे अडला आहात त्याच 'लेवीय'च्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. वल्हांडणाच्या (मिसरातून झालेल्या सुटकेच्या सणाच्या) रात्री कोकऱ्याऐवजी ताटात एक भाजलेले हाड ठेवतात. बहुतेक घरांत ते खातही नाहीत. याजकांचा वंशही नाहीसा झालेला नाही. सभास्थानात तोराचे (जुन्या करारातल्या पहिल्या पाच पुस्तकांचे) वाचन होते तेव्हा पहिला मान आजही कोहेन, म्हणजे याजक, घराण्यातल्या माणसाला मिळतो, आणि घटस्फोटित स्त्रीशी त्याने विवाह करू नये हा 'लेवीय'मधला नियम परंपरानिष्ठ मंडळी आजही पाळतात.

यातली सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की, इ.स. २०० च्या सुमारास यहूदा हा-नासी यांनी मिश्नाचे संकलन केले, म्हणजे मंदिर जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती, तरी त्याच्या सहा भागांपैकी एक अख्खा भाग बळींविषयी आहे. पहाटे याजकांनी वेदीवरची राख काढण्यासाठी चिठ्ठ्या कशा टाकाव्यात, दरवाजे कोणत्या क्रमाने उघडावेत, मंदिराच्या कोणत्या दालनाचे माप किती, हे सारे जणू उद्याच कामावर जायचे आहे अशा थाटात लिहिले आहे. बळी देणे अशक्य झाले, तेव्हा बळींचा अभ्यास हेच धर्मकृत्य ठरले. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे की धर्म तोच आहे. त्याने आपला विधी टाकून दिला नाही, तो मजकुरात जपून ठेवला.

उत्खनक

मध्यान्ह यांचे विवेचन चांगले आहे, पण सारे ओझे इ.स. ७० या एका सालावर टाकणे मला पटत नाही. यावनेच्या विद्वानांनी जे वापरले, त्यातले बरेचसे त्यांच्या आधीच तयार होते, आणि ते तयार होण्याचे कारण त्याहून जुन्या एका विनाशात आहे.

इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने पहिले मंदिर पाडले आणि यहूदातील वरच्या वर्गाला बाबेलात नेले. पारसाचा (इराणचा) राजा कोरेश याने इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल जिंकल्यावर परतीची वाट मोकळी झाली आणि इ.स.पू. ५१५ च्या आसपास दुसरे मंदिर उभे राहिले. परंतु सगळे परतले नाहीत. त्यानंतर बाबेलात, मिसरात, पुढे रोमपर्यंत अशी एक मोठी लोकसंख्या कायम होती, जिने मंदिर जन्मात एकदाही पाहिले नसेल. ती वर्षाला अर्धा शेकेल (चांदीचे नाणे) मंदिरासाठी पाठवीत असे; धर्म मात्र आपापल्या गावीच पाळत असे. (मंदिर पाडल्यावर हाच कर वेस्पासियनाने रोममधील ज्युपिटरच्या देवळासाठी वसूल करायला सुरुवात केली. जखमेवर मीठ चोळणे म्हणतात ते हेच.)

'नहेम्या'च्या आठव्या अध्यायातला प्रसंग या संदर्भात जरूर वाचा. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी लोक मंदिरात जमत नाहीत, पाणीवेशीसमोरच्या चौकात जमतात. एज्रा लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र, म्हणजे तोरा, वाचतो आणि लेवी लोक (मंदिराचे सेवक) त्याचा अर्थ समजावून सांगतात. मंदिर उभे असतानाच ग्रंथवाचन हा सार्वजनिक विधी झालेला आहे. यरुशलेमात १९१३-१४ च्या उत्खननात सापडलेला थिओडोटस याचा ग्रीक शिलालेख बहुतेक अभ्यासक इ.स. ७० पूर्वीचा मानतात. आपण सभास्थान बांधले ते नियमशास्त्राच्या वाचनासाठी आणि आज्ञांच्या शिक्षणासाठी, शिवाय परगावच्या पाहुण्यांना उतरायला खोल्या बांधल्या, असे त्यात तो सांगतो. मंदिर काही मिनिटांच्या अंतरावर असताना!

एकाच स्थानी बळी देण्याच्या आज्ञेलाही अपवाद होते. नाईलमधील एलेफंटाइन बेटावर पारसाच्या सेवेतल्या यहुदी शिपायांची वसाहत होती आणि तिथे त्यांचे स्वतःचे मंदिर होते. इ.स.पू. ४१० मध्ये शेजारच्या ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांच्या चिथावणीवरून ते पाडले गेले. तीन वर्षांनी तिथल्या यहुद्यांनी यहूदाच्या सुभेदाराला लिहिलेला अर्ज पपायरसवर जसाच्या तसा उपलब्ध आहे. मंदिर पुन्हा बांधू द्यावे आणि तिथे अन्नार्पण, धूप व होमार्पण करू द्यावे, अशी त्यांची विनंती होती. परवानगी मिळाल्याची जी टिपणी आहे, तिच्यात अन्नार्पण आणि धूप एवढेच आहे. होमार्पणाचा उल्लेख नाही. का वगळला असेल, यावर अभ्यासक अजून तर्क करतात. मला तो यरुशलेमचा मक्ता सांभाळण्याचा प्रकार वाटतो.

शिवाय रब्बींच्या हाती सूत्रे लगेच आली असेही नाही. चौथ्या शतकातील तिबिर्याजवळच्या हम्मात येथील सभास्थानाच्या फरशीवर राशिचक्र आहे आणि त्याच्या मधोमध रथारूढ सूर्यदेव हेलिओस आहे. तिथे येणारी माणसे मिश्ना उशाशी घेऊन झोपत असतील असे मला तरी वाटत नाही.

टाचणवही

दोघांचेही आभार. एक उपप्रश्न विचारतो. मंदिर पुन्हा उभारून बळी सुरू करावेत असे यहुदी परंपरेला खरोखर वाटते का? आणि रब्बींचा प्रभाव ज्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, असे यहुदी कोठे होते का? तसे असतील, तर त्यांच्याकडे पाहून रब्बींनी नेमके काय घडवले ते वेगळे काढता येईल.

मध्यान्ह

पहिल्या उपप्रश्नापुरते लिहितो. नित्य प्रार्थनेत मंदिराची सेवा पूर्ववत व्हावी अशी मागणी आहेच. तरीही बाराव्या शतकातले मोशे बेन मैमोन, म्हणजे मैमोनिदेस, यांनी आपल्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात असे मांडले की त्या काळच्या लोकांना बळीखेरीज उपासना सुचणे शक्य नव्हते, म्हणून देवाने ती सवय एकदम न मोडता स्वतःकडे वळवून घेतली. गंमत अशी की याच माणसाने आपल्या धर्मशास्त्राच्या संहितेत बळींचे सगळे नियम बारकाईने नोंदवले, कारण ते रद्द झालेले नाहीत. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील सुधारकांनी मात्र उघड पाऊल टाकले; हांबुर्गमध्ये १८१९ साली निघालेल्या प्रार्थनापुस्तकात बळींच्या पुनःस्थापनेचे उल्लेख बदलले गेले आणि त्यावरून मोठे वादळ उठले.

अष्टागर

टाचणवही यांचा दुसरा उपप्रश्न आमच्या अलिबागच्या दारात येऊन थांबतो. कोकणातल्या बेने इस्रायल या यहुदी समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज नौगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले आणि सात जोडपी वाचली. आगमनाचा काळ वादग्रस्त आहे. मात्र अठराव्या शतकापर्यंत या लोकांजवळ तोराची प्रत नव्हती, रब्बी नव्हते, आणि तालमूद तर ऐकूनही माहीत नव्हता, याबद्दल दुमत नाही.

तरीही काय उरले होते ते पाहा. घाण्यावर तेल काढणारी ही मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई. हिब्रूतले एकच वचन तोंडी होते, 'शमा इस्रायल' (हे इस्राएला, ऐक), आणि जन्म, लग्न, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी तेच म्हटले जाई. दाविद राहबी नावाच्या पाहुण्याने या लोकांची पारख कशी केली, याची गोष्ट समाजात सांगतात: त्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली, आणि त्यांनी पर व खवले असलेली तेवढी वेगळी काढून बाकीची बाजूला सारली. हा नियमही 'लेवीय'मधलाच आहे, अकराव्या अध्यायातला.

सणांची नावे अस्सल कोकणी होती. नववर्ष म्हणजे नव्याचा सण, प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे दारफाळणीचा सण, आणि मंदिराच्या विनाशाचा आव महिन्याच्या नवव्या दिवसाचा उपास म्हणजे बिरड्याचा सण. हनुक्का मात्र माहीत नव्हता. त्यावरून समाजातल्या जुन्या लेखकांनी असे अनुमान काढले की इ.स.पू. १६४ मध्ये मंदिराची पुन्हा शुद्धी होऊन तो सण सुरू होण्याआधीच पूर्वजांनी देश सोडला असावा. हे अनुमान मला कच्चे वाटते. एखादा सण माहीत नसणे हा तो विसरला गेल्याचाही परिणाम असू शकतो, आणि आव महिन्याचा उपास तर दोन्ही मंदिरांच्या विनाशाचा असल्याने त्यावरूनही काळ ठरत नाही. एलियाहू हन्नबी (संदेष्टा एलीया) याच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळे घालून जो मलिदा करतात, त्याचा संबंध लेवीयातील अन्नार्पणाशी जोडणारेही आहेत. मलिदा शब्द आणि रीत आसपासच्या मुसलमानांतही आहे, हे ते सहसा सांगत नाहीत.

रब्बींचा धर्म इथे आला तो कोचीन आणि बगदादच्या यहुद्यांमार्फत. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये पहिले सभास्थान बांधले, आणि वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. पुढे इस्रायलमध्ये गेलेल्यांच्या विवाहांवर तिथल्या रब्बींनी आक्षेप घेतला, तो शब्बाथ किंवा शमा यांवरून नव्हता. शतकानुशतके धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोटपत्र देण्याची रीत या लोकांना ठाऊक नसताना त्यांचे वंश निर्दोष कसे मानावेत, असा तो आक्षेप होता. समाजाने तिथे आंदोलन केले आणि १९६४ मध्ये पूर्ण मान्यता मिळवली. टाचणवही, तुम्हाला जे वेगळे काढायचे होते ते या आक्षेपात आपोआप वेगळे निघालेले आहे: विवाह, घटस्फोट आणि वंश यांचा तपशीलवार कायदा हे रब्बींचे काम; शब्बाथ, सुंता आणि मासळीचा नियम त्यांच्याविना टिकले.

उत्खनक

अष्टागर यांच्या माहितीला एक जोड देतो. शोमरोनी (समारितन) लोक फक्त तोरा मानतात आणि रब्बींची परंपरा नाकारतात. त्यांचे पवित्र स्थान यरुशलेम नव्हे, नाब्लुसजवळचा गरिज्जीम डोंगर. तिथले त्यांचे मंदिर यहुदी शासक व महायाजक योहानान हिरकनस याने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पाडले, म्हणजे यरुशलेमच्या मंदिराच्या आधी दीडशेहून अधिक वर्षे. आज हे लोक हजाराच्या आतच आहेत, पण दर वल्हांडणाला त्या डोंगरावर कुटुंबागणिक कोकरे कापली जातात, खड्ड्यातल्या विस्तवावर अख्खी भाजली जातात आणि मध्यरात्रीनंतर घाईघाईने खाल्ली जातात. 'निर्गम'च्या बाराव्या अध्यायातल्या त्या पहिल्या वल्हांडणाला मंदिर नव्हतेच, वेदीही नव्हती. तेव्हा मंदिर पडल्याने तो विधी थांबवण्याचे त्यांना काहीच कारण दिसले नाही.