अप्रभावी, सुप्त की आणखी काही?

लेखणीटोक : सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या समुपदेशनाचं पत्रक मराठीत आणायचं आहे. 'हे अप्रभावी जनुक आहे' या वाक्याचा अर्थ लोक असा लावतात, की याचा परिणामच होत नाही. मग रक्त कशाला तपासायचं? 'रिसेसिव्ह'ला पाठ्यपुस्तकी शब्द सोडून काय वापरावं?

बांधावरून : दोष शब्दाचाच. औषध अप्रभावी ठरलं म्हणजे वाया गेलं. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने 1866च्या निबंधात 'रिसेसिव्ह' हा शब्द का घेतला तेही सांगितलंय : संकरात गुण मागे सरतो, पण पुढच्या संततीत जसाच्या तसा परततो. सुरकुतलेले वाटाणे पहिल्या पिढीत नाहीत, दुसरीत 7324 पैकी 1850. हे परतणं 'सुप्त'मध्ये येतं.

उंबरठा : 'सुप्त' आरोग्यखात्यात आधीच गुंतलाय. सुप्त क्षयरोग म्हणजे जंतू दडलेले, कधीही जागे होतील. वाहकाला, म्हणजे स्वतः आजारी नसून जनुक पुढे देऊ शकणाऱ्याला, 'तुमच्यात सुप्त जनुक आहे' म्हटलं, तर तो जन्मभर आजाराची वाट बघेल. सरळ लिहा : एकाकडून आलं तर वाहक, दोघांकडून आलं तर आजार.

काथ्याकूट : म्हणजे परिभाषेला टाळं? 'जनुक', 'गुणसूत्र' वापरूनच रुळले ना!

हेमगर्भ : इथे एक पाचर आहे. ए म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, एस म्हणजे सिकलसेलचं; एएस वाहक, एसएस आजारी. एएस रक्ताच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे विजेने प्रथिनं वेगळी करण्याच्या चाचणीत, ए आणि एस दोन्ही पट्टे दिसतात, म्हणजे प्रथिनाच्या पातळीवर ही जनुकं सहप्रभावी, दोघांचाही परिणाम दिसतो. 'रिसेसिव्ह' आहे तो आजार. आणि पत्रकात सोल्युबिलिटी (विद्राव्यता) या प्राथमिक रक्तचाचणीवर थांबू नका. ती एस आहे एवढंच सांगते; एएस की एसएस हे सांगत नाही.

लेखणीटोक : आणि आईबापांच्या जनुकांवरून मुलांच्या शक्यता मांडणारी पनेटची चौकट? मूळ नमुन्यात मोठी-लहान अक्षरं आहेत. देवनागरीत ती सोयच नाही.

बांधावरून : नको ती. ए आणि एस पुरे. चार घरं पाडा. वर बापाकडचं एकेक अक्षर, डावीकडे आईकडचं. समासात अख्खी जोडी लिहिली की प्रत्येक घरात चार अक्षरं जमतात. हमखास होणारी चूक. दोघेही वाहक असतील तर एक एए, दोन एएस, एक एसएस. खाली ठळक लिहा : हा हिशेब दर गरोदरपणाला नव्याने. नाहीतर 'चारातलं एक' वाचून लोक म्हणतात, पहिलं आजारी निघालं, आता तीन सुटली. चारही मुलं सुटण्याची शक्यता 81/256, तिसऱ्या हिश्श्याहून कमीच.

उंबरठा : पण 'एकसंकर' (एकाच गुणाचा संकर) हे पाठ्यपुस्तकी शीर्षक नवरा-बायकोच्या चौकटीवर छापू नका. गीतेच्या पहिल्या अध्यायातला वर्णसंकर लोकांच्या कानात आहे.

काथ्याकूट : सम् + कॄ, म्हणजे मिसळणं. धातू निर्दोष आहे. संकरित गाय म्हणताना कोण दचकतं?

उंबरठा : गाय पत्रक वाचत नाही.

बांधावरून : कपाशीच्या पाकिटावर 'संकरित', शेतात मात्र 'हायब्रीड'. त्याचीच सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली की झाडं एकसारखी येत नाहीत. गुण फुटून वेगळे होतात. या फुटण्याला मराठीत काय म्हणायचं?

काथ्याकूट : विलगीकरण.

उंबरठा : तो शब्द करोनाने नेला.

हेमगर्भ : पृथक्करण?

काथ्याकूट : ते रसायनवाल्यांचं.