मदत हवी आहे: ३२ पानी चित्रपुस्तकावरून ९० मिनिटांची पटकथा

कोल्हापुरात लाइव्ह-अ‍ॅक्शन बालचित्रपटाची तयारी चालू आहे. मूळ पुस्तक जेमतेम ४०० शब्दांचं: एक मुलगी, तिची म्हैस आणि पंचगंगेचा पूर. लेखक आणि चित्रकार वेगवेगळे आहेत, दोघांशीही लेखी करार झालेत. चित्रपटाच्या हक्कांची मुदतही लिहून घेतली आहे, नाहीतर कायद्याने ५ वर्षंच धरली जातात.

पुस्तकातल्या घटना तशाच मांडल्या तर २५ मिनिटांत गोष्ट संपते. खलनायक घातला, तर पुस्तकाचा शांतपणाच गेला. मोठ्यांचं उपकथानक जोडलं, तर मध्यंतरानंतर मुलगी बाजूला पडली. दोन चित्रांच्या मधला, पुस्तकात न दिसणारा वेळ भरणं सगळ्यात बरं जमलं, पण तासाभरानंतर प्रसंग एकाच तऱ्हेचे होतात. कारण मुलीला पहिल्या पानावर जे हवं असतं, तेच शेवटपर्यंत हवं असतं.

निवेदक नकोय. बालकलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, त्यामुळे मुलगी प्रत्येक दृश्यात ठेवणं अवघड आहे. म्हशीच्या दृश्यांनाही प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, म्हणून पुरातले प्रसंग फार वाढवता येणार नाहीत.

असं रूपांतर केलेल्यांनी कृपया सांगा: मध्यावर मुलीची इच्छाच बदलावी, की ती तशीच ठेवून दुसऱ्या एखाद्या पात्राच्या नजरेतून मधला भाग उभा करावा?